लाल चांदणीस अनावृत पत्र

सीआरएमच्या फॉर्ममधल्या लाल चांदणीस,

सप्रेम नमस्कार लिहिलेला नाही, कारण प्रेम नाही. गेली चौदा वर्षं मी कंपन्यांना सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवून देतो. नोंदी चुकल्या की या काळात लोकांनी नेटला शिव्या घातल्या, सर्व्हरला घातल्या, काउंटरवरच्या मुलांना कामचुकार ठरवलं. तुझं नाव एकाही बैठकीत निघालं नाही. रकान्याच्या नावाशेजारी मुगाच्या दाण्याएवढी बसतेस आणि हुकूम सोडतेस, हे भरल्याशिवाय पुढे जायचं नाही. ग्राहकांच्या नोंदींत मी जेवढं खोटं पाहिलं, त्यातलं बरंचसं तुझ्याच दारातून आत आलं. म्हणून हे पत्र तुला, आणि सगळ्यांदेखत.

एका दुपारची तुला आठवण करून देतो. मार्च महिना, तालुक्याच्या गावातलं पंपाचं दुकान. नवा फॉर्म कसा चालतो ते बघायला मी काउंटरच्या आत स्टुलावर बसलो होतो. एक शेतकरी आले. पाण्यातली मोटार जळलेली, वॉरंटी शिल्लक, ऊस पाण्याला आलेला. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म उघडला. रकाने ३१, त्यातल्या १७ रकान्यांवर तू. नाव, गाव, मोबाइल झालं. मग तिने विचारलं, "मामा, ईमेल आहे का?" "ते काय असतंय?" तिने 'एनए ॲट एनए डॉट कॉम' टाकलं. जन्मतारखेला १ जानेवारी १९९०. मामा साठीच्या पुढचे. वार्षिक उत्पन्नाला यादीतला पहिला पर्याय. मामा सारखे बाहेर बघत होते, मोटारसायकलच्या कॅरिअरला गोणपाटात बांधलेल्या मोटारीकडे. शेवटी म्हणाले, "पोरी, मोटार कधी मिळंल तेवढं सांग की."

त्या ३१ रकान्यांत या प्रश्नाला जागा नव्हती.

ती मुलगी खोटारडी नव्हती. मामांना आल्या पावली परत पाठवायचं, नाहीतर खोटं लिहायचं, एवढ्या दोनच वाटा तू तिला ठेवल्या होत्यास. तिने मामांचं काम केलं. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

तुझं खानदान जुनं आहे. आमच्याकडे जुन्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसं घरोघर सापडतात. घरच्यांना इंग्रजी तारीख ठाऊक नसायची, शाळा जूनमध्ये भरायची, रजिस्टरातला रकाना मोकळा सोडायची सोय नव्हती. गुरुजी १ जून लिहून टाकायचे. माझ्या वडिलांची कागदोपत्री तारीख तीच. त्याच तारखेने ते नोकरीला लागले, त्याच तारखेने निवृत्त झाले. आजी मात्र शेवटपर्यंत सांगायची, पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला, बैलांच्या खांदेमळणीची गडबड होती. आजीला दिवस पक्का ठाऊक होता. रकान्याला तो चालत नव्हता. भरलेला रकाना आणि मिळालेली माहिती यांतलं अंतर तुला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही.

आणि हे खोटं फॉर्मात पडून राहत नाही, ते उठून कामाला लागतं. 'आमची माहिती कुठून मिळाली?' हा रकाना घे. यादीत पहिला पर्याय वर्तमानपत्रातली जाहिरात. गर्दीच्या वेळी तोच निवडला जातो, कारण तो सर्वांत जवळ असतो. महिनाअखेरीला आलेखात जाहिरातीचा खांब सगळ्यांत उंच, आणि पुढच्या वर्षी जाहिरातीचा खर्च वाढतो. प्रत्यक्षात शेतकऱ्याला पंप सुचवलेला असतो गावातल्या वायरमनने, नाहीतर मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या मेकॅनिकने. त्याला कंपनीतून साधा फोनही जात नाही, कारण आलेखात तो नाहीच.

मोबाइल नंबराचं तेच. ग्राहकाने नंबर दिला नाही, की दहा वेळा ९. दुसऱ्याच्या वेळी सॉफ्टवेअर म्हणतं, हा ग्राहक आधीच नोंदलेला आहे. मग शेवटचा ९ जाऊन ८ येतो. असा मनानेच टाकलेला नंबर कुणाचा तरी असू शकतो. भलत्याच माणसाच्या फोनवर भलत्याच मोटारीचे निरोप जातात आणि मामा बांधावर वाट बघत राहतात.

तुझी सगळी जरब गरिबावर. फॉर्मच्या मांडणीत तुला बसवलं, की तू हाताने एन्ट्री करणाऱ्यालाच अडवतेस. सेल्सफोर्स घे, नाहीतर मायक्रोसॉफ्टचं डायनॅमिक्स. मुख्यालयातल्या कुणी एक्सेलमधून हजार अर्धवट ओळी एका झटक्यात आत ढकलल्या, तर मांडणीतली तू त्यांना हटकत नाहीस. काउंटरवरच्या मुलीला एका ईमेलसाठी वेठीला धरतेस आणि तो हजारांचा लोंढा मुकाट्याने आत सोडतेस. पहारेकरी म्हणून तुझी लायकी एवढीच.

सॉफ्टवेअरच तसं आहे, ही सबब चालणार नाही. १९९९ साली सुरू झालेल्या सेल्सफोर्समध्ये नवी 'लीड', म्हणजे संभाव्य ग्राहक, नोंदवताना मुळात हाताने भरावंच लागतं ते आडनाव आणि कंपनीचं नाव. बाकीच्या चांदण्या आम्ही चढवलेल्या. कायदाही तुझ्या बाजूचा नाही. बिलासाठी मोबाइल नंबराची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ च्या मे महिन्यात दुकानदारांना बजावलं. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती असते ती सांगितलेल्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती. जळलेल्या मोटारीच्या दुरुस्तीला मामांचं वार्षिक उत्पन्न लागतं का? उत्तर दे.

तुला बोलावणारी माणसं मला माहीत आहेत. बैठकीत मार्केटिंगवाले म्हणतात, वाढदिवस हवा. हिशेबवाले म्हणतात, पॅन असू दे. साहेब म्हणतात, सगळंच कंपल्सरी करा, नाहीतर कोणी भरत नाही. काउंटरवरच्या मुलीला त्या बैठकीची खुर्ची मिळत नाही. आणि तुला बसवायला एका चौकोनात एक टिचकी लागते. ती टिचकी माझ्याही हातून पडलेली आहे, त्या दुकानाच्या फॉर्मातसुद्धा. म्हणून तुला उतरवण्याचं कामही माझंच होतं.

त्या पंपाच्या कंपनीत मी ते केलं. तुला नाव, गाव आणि मोबाइल एवढ्यांवर ठेवलं, मोबाइलला 'नंबर दिला नाही' हा खरा पर्याय दिला आणि खाली शेऱ्यासाठी एक मोकळी जागा सोडली. साहेब धास्तावले, रकाने ओस पडतील म्हणाले. पडले. दोन महिन्यांनी नोंदी उघडल्या तेव्हा ईमेलचे रकाने ओळीने रिकामे होते, आणि त्या रिकाम्या जागेतून प्रथमच खरं समजत होतं की या गिऱ्हाइकांपर्यंत ईमेल पोचणार नाही. शेऱ्यात मात्र त्या मुलीने, कुणीही न सांगता, मामांच्या नावासमोर लिहून ठेवलं होतं: 'फोन मुलाकडे असतो. सोमवारी बाजारला येतात. मोटार रविवारपर्यंत तयार ठेवा.'

कळावे.

एक सीआरएम सल्लागार, पुणे