आठ तास कुणाचे?

मुंबई आणि नागपूर यांच्यात आकाशातून सरळ रेघ मारली, तर ती सुमारे 680 किलोमीटरची भरते. या दोन शहरांसाठी बांधलेल्या समृद्धी महामार्गाची लांबी आहे 701 किलोमीटर. जमिनीवरचा रस्ता पाखराच्या वाटेच्या इतका जवळ आणणं हे सोपं काम नव्हे. मध्ये सह्याद्री आडवा आहे. इगतपुरीजवळ जवळपास आठ किलोमीटरचे जोडबोगदे खोदावे लागले. ते खोदणाऱ्या मजुरांना आणि अभियंत्यांना मनापासून दाद.

पण हे 701 किलोमीटर संपतात भिवंडीजवळच्या आमणे गावात. आमणे म्हणजे मुंबई नव्हे. मंत्रालयात फाइल घेऊन निघालेल्या माणसाची खरी परीक्षा तिथूनच सुरू होते: ठाणे, मुलुंड, सायन आणि गर्दी. ‘नागपूर-मुंबई आठ तासांत’ अशी जाहिरात करताना ही गर्दी कुणी मोजलेली नसते.

हिशेब करून पाहा. ताशी 120 ची वेगमर्यादा गाठून, कुठेही न थांबता गाडी हाकली, तरी 701 किलोमीटरला जवळजवळ सहा तास लागतात. उरलेले दोन तास दोन्ही टोकांची शहरं खातात. मग जेवायचं कधी? लहान मुलाला, म्हाताऱ्या आईला खाली कधी उतरवायचं? आणि चालकानं डोळ्यांवर पाणी कधी मारायचं? सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागतो, हे तिथून नेहमी जाणारा कुणीही सांगेल. त्या आठ तासांत विश्रांतीला जागाच ठेवलेली नाही, माझा राग याच गोष्टीवर आहे. याच महामार्गावर 1 जुलै 2023 च्या पहाटेआधी सिंदखेडराजाजवळ पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि 25 माणसं गेली. रात्रीच्या बसमध्ये झोपलेली माणसं आपला जीव एका चालकाच्या जागेपणावर सोपवून झोपतात. त्यांना लवकर पोहोचवण्याआधी नीट पोहोचवायला हवं.

विमानाचं म्हणाल, तर ते हवेत जेमतेम दीड तास असतं. पण गडचिरोलीच्या माणसानं काय करावं? नागपूर गाठायलाच त्याचे तीन-चार तास जातात, म्हणजे विमानापेक्षा दुप्पट वेळ एसटीत. त्यावर विमानतळावरची रांग, सामानाची वाट, आणि उतरल्यावर पुन्हा मुंबईची वाहतूक. अर्ध्या दिवसाच्या कामासाठी मुक्काम पडतोच.

विदर्भाला राजधानी दूर पडेल, ही काळजी जुनी आहे. 1953 च्या नागपूर करारात विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात घ्यायचं ठरलं. तेव्हा या अंतराकडे नागरिकाच्या बाजूनं पाहिलं गेलं होतं. आज ते वाहनाच्या वेगात मोजलं जातं. ज्याच्याकडे चारचाकी नाही तो हिशेबातच नाही. समृद्धीवर दुचाकीला आणि रिक्षाला तर मज्जावच आहे.

म्हणून फलकांवर खरा वेळ लिहा. नागपूरच्या घरातून मुंबईच्या दारापर्यंत, दोन थांबे धरून, दहा-अकरा तास लागत असतील तर तेवढेच लिहा. रात्रीच्या प्रत्येक लांब पल्ल्याच्या बसमध्ये दुसरा चालक आहे की नाही, हे टोलनाक्यावर तपासा. आणि ज्या कामासाठी गडचिरोलीचा शेतकरी मंत्रालयापर्यंत येतो, ते काम गडचिरोलीतच उरकून द्या.