दाभोशाच्या धबधब्यास जव्हारच्या पेठेचे अनावृत पत्र

प्रति,
श्री. दाभोसा धबधबा,
मु. दाभोसा, ता. जव्हार, जि. पालघर.

विषय : आपली बदली जव्हारच्या पाचबत्ती नाक्यावर होणेबाबत.

महोदय,

आपण सुमारे ३०० फुटांवरून उडी घेता, त्याबद्दल आमची तक्रार नाही. काम चोख आहे. तक्रार जागेची आहे. आपण पेठेपासून वीसेक किलोमीटरवर, लेंडी नदीच्या दरीत ठाण मांडून बसलात आणि इकडे आमचा धंदा बसला. तरी आपण त्वरित बदली मागून घ्यावी, अशी पेठेतल्या आम्हा दुकानदारांची नम्र विनंती आहे. शिफारशीची चिंता नसावी. जव्हार-मोखाड्यातून बाहेर पडण्यासाठी लोक मंत्रालयापर्यंत चपला झिजवतात. इकडे येण्यासाठी केलेला अर्ज दिसला, तर साहेब खुर्चीतून उठून सही करतील.

आपण म्हणाल, आजवर माझ्यावाचून पेठ चाललीच ना? चालली. मुकणे राजांच्या संस्थानाची ही राजधानी. राजवाडा होता, दसऱ्याचा दरबार होता, १९१८ साली नगरपालिकाही आली. पुष्कळ शहरांना गटार म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं तेव्हा आमच्याकडे त्यावर ठराव होत असणार. पाड्यापाड्यांतले वारली, कोकणा, कोळी, ठाकूर, कातकरी मीठ, कापड आणि सुकट घ्यायला इथेच चढून यायचे, कारण दुसरीकडे जायला वाट नव्हती. गिऱ्हाईक नाइलाजाने येतं तेव्हा दुकानदाराला आपण फार हुशार आहोत असं वाटू लागतं. आम्हालाही वाटलं.

१९४८ साली संस्थान विलीन झालं. मग आम्ही जिल्ह्याची वाट पाहत बसलो. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा झालाही, पण मुख्यालय खाली पालघरला गेलं, रेल्वेच्या वाटेवर. कलेक्टर कचेरीच्या दारात झेरॉक्स, चहा आणि स्टॅम्पपेपर यांच्यावर एक अख्खी आळी जगते, हे आपल्याला दरीत बसून कळायचं नाही. ती आळी हुकली आणि आमची नजर आपल्याकडे वळली.

आता पावसाळ्यातला रविवार कसा असतो तो ऐका. मुंबई, ठाणे, नाशिक इथून गाड्या येतात. गावातूनच जातात, पण काच वर करून जातात. डिकीत वेफर्स, मॅगी, बिर्याणीचं पातेलं आणि नाक्यावरच्या पोलिसाला दाखवायचं नसतं असं थोडं काहीबाही. आमच्या दारात ब्रेक लागतो तो एवढं विचारण्यापुरता : ‘काका, दाभोसा किती लांब?’ रविवारी पेठेत सर्वांत जास्त खपणारा माल म्हणजे हे उत्तर, आणि त्याची पावती फाडता येत नाही. पाण्याची बाटलीसुद्धा ते घरून भरून आणतात. मोखाड्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणेचं धरण झालं, त्याचं पाणी मुंबईला गेलं, आणि मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो तो येतोच. त्या धरणाचं पाणी आता मुंबईच्या नळातून बाटलीत उतरून, एसीत बसून, आमच्या दुकानावरून आपल्या दर्शनाला जातं. आम्हाला ते विकायलासुद्धा मिळत नाही.

तेव्हा पेठेच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा करायचं ठरलं. आराखड्यात स्वागत कमान आहे, सेल्फी पॉइंट आहे, रंग बदलणारे दिवे आहेत. दुकानांच्या शटरवर वारली चित्रं काढायची आहेत. ते काम बाहेरच्या एजन्सीला जाईल असं दिसतं, कारण निविदेची अनामत भरू शकणारा वारली मिळेना. आणि आपण बदली नाकारलीत तर नाक्यावर सिमेंटचा धबधबा बांधण्याची पर्यायी तरतूद आहे. त्याला मोटार लागेल आणि मोटारीला पाणी. ते टँकरने आणू.

हा रोग आमचा एकट्याचा नाही. विलायतेतही मॉल आणि ऑनलाइन खरेदीपुढे गावोगावच्या पेठा ओस पडल्या. तिथल्या सरकारने २०११ साली मेरी पोर्टास नावाच्या दुकानदारीतल्या जाणकार बाईंकडून अहवाल घेतला आणि पुढच्या वर्षी पहिल्या १२ गावांना मिळून १२ लाख पौंड वाटले. आमच्यातल्या एकाच्या मुलाने तो अहवाल मोबाइलवर वाचून दाखवला. त्यातली एक शिफारस ऐकून सगळे गप्पच झाले. बाजाराचा एक दिवस ठरवा, आणि त्या दिवशी ज्याच्याकडे दुकान नाही त्यालाही टेबल मांडून माल विकू द्या! म्हणजे आठवडे बाजारच की. साहेबाला ज्याच्यासाठी अहवाल लिहवून घ्यावा लागला, ते आमच्याकडे पणजोबांपासून फुकट चालू आहे. आणि त्याला आळा कसा घालावा, या विषयावर आम्ही बैठकांवर बैठका घेत आलो आहोत.

कारण त्या बाजारातल्या बायका आमच्या पायऱ्यांपुढे बसतात. उजाडायच्या आत पाड्यावरून निघतात, जीपच्या मागच्या फळीवर बसून येतात आणि गोणपाट टाकतात. पावसाच्या तोंडाशी शेवळं, मग कंटोली, वास्ता, उन्हाळ्यात करवंदं, आणि अधूनमधून नागली, वरई, उडीद, मापाने. त्यांच्यामुळे आमच्या काचेतल्या पुतळ्याची साडी दिसत नाही. ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी खात्याचा रानभाजी महोत्सव असतो. तेव्हा हीच बाई मंडपात, खुर्चीवर, भाजीच्या नावाच्या पाटीमागे बसते, साहेब तिच्यासोबत फोटो काढून घेतात आणि कंटोल्यांत काय काय गुण असतात ते तिला समजावून सांगतात. दुसऱ्या दिवशी ती त्याच भाजीसकट जमिनीवर बसली की आम्ही तिला अतिक्रमण म्हणतो. २०१४ चा पथविक्रेता कायदा निघाला आणि आमची पंचाईत झाली. शहराच्या समितीत निदान ४० टक्के जागा म्हणे विक्रेत्यांनाच द्यायच्या, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायकांना. हे कलम वाचून आमच्यातल्या ज्येष्ठांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. तेच होतं.

परवाच्या बैठकीत आमच्या चहावाल्याने घोळ घातला. चहा ठेवून निघून जायचं सोडून तो उभा राहिला आणि म्हणाला, ‘शेठ, एक विचारू? त्या काचवाल्या गाडीने वर्षभरात तुमच्याकडून काय घेतलं? आणि ह्या शेवळंवालीने काय घेतलं?’ आता हा काय प्रश्न झाला? दुपारी तिची पाटी रिकामी होते तेव्हा हाती शेदोनशे रुपये असतात. त्यातून तेल, साखर, चहापूड, पोराची वही, कधी बांगड्या. सगळं आमच्याकडूनच, कारण तिला मॉल माहीत नाही आणि जीपवाला थांबत नाही. ती रक्कम आमच्या गल्ल्यात येते खरी. पण तिच्याबरोबर सेल्फी नसतो.

तो एवढ्यावर थांबला असता तर बरं. त्याने दिवाळीचा विषय काढला. दसरा-दिवाळीला पेठेत कोपराने वाट काढावी लागते, हे आम्ही अभिमानाने सांगतो. तो म्हणाला, हा पैसा कुठला, सांगा. पुष्कळसा वीटभट्टीवाल्यांच्या बयाण्याचा. माणूस गाव सोडून जाण्यासाठी उचल घेतो, त्यातून आमच्याकडे कपडे आणि तेल घेतो, आणि दिवाळी आटोपली की बायकापोरांसह भिवंडी-वसईकडे भट्टीवर उतरतो. पाड्यावर म्हातारी आणि कोंबड्या उरतात, पेठेत आम्ही. मग शिमग्याला तो येतो तेव्हा पुन्हा चार दिवस गजबज. म्हणजे आमचा सगळ्यात मोठा सण आमच्याच गिऱ्हाइकाच्या निरोपावर साजरा होतो, असं त्याचं म्हणणं. चहावाल्याने एवढा हिशेब ठेवू नये.

त्याचा उपाय तर ऐकाच. रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये होती. हजेरीपट संपल्यावर १५ दिवसांत ती द्यायची असं कायदाच म्हणत होता. पण भट्टीवाला पैसे आधी देतो आणि सरकार नंतर, कधी फार नंतर; म्हणून माणूस भट्टीवाल्याकडे जातो. दिवाळीनंतर गावात काम निघालं आणि मजुरी वेळेवर आली, तर जानेवारीतही पेठेत माणूस दिसेल. तेव्हा दुकानदारांनी मजुरांबरोबर तहसील कचेरीवर जावं. दुकानदारांनी! मजुरांबरोबर! एकाने रागानेच विचारलं, ‘दुकान बंद ठेवून?’ तो म्हणाला, ‘जानेवारीत उघडं ठेवून काय करता?’

मग त्याला कंठच फुटला. सगळ्यांनी वर्गणी काढून बाजारातल्या बायकांसाठी पत्र्याची शेड घाला. प्यायचं पाणी ठेवा. बायकांसाठी संडास बांधा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या पाणी का पीत नाहीत, कधी विचारलंत? नागली-वरई त्यांच्याकडून रोख घ्या, साफ करून पुड्या बांधा आणि रविवारच्या गाडीवाल्याला त्या विका. ‘दाभोसा किती लांब’ याचं उत्तर देता तेव्हा हातात पुडी असू द्या. पहाटे खुडलेल्या मोगऱ्याच्या कळ्या इथून दादरच्या फुलबाजारात जातात, त्यातला टोपलीभर मोगरा आपल्या नाक्यावर का थांबू नये? संध्याकाळची एसटी बाजाराच्या दिवशी तासभर उशिरा सुटावी म्हणून आगारात सगळे मिळून एक अर्ज द्या. यातल्या कशालाच मंत्री लागत नाही, असंही तो म्हणाला.

तिथेच तो फसला. ज्याला मंत्री लागत नाही त्याचं उद्घाटन कोण करणार? उद्घाटन नाही तर कोनशिला नाही. सदर सूचना सखोल अभ्यासासाठी पुढील बैठकीवर ढकलण्यात आल्या असून, पुढील बैठकीत चहा दुसरीकडून मागवण्याचं एकमताने ठरलं आहे.

तरी आता सगळी भिस्त आपल्यावर आहे. नाक्यावर ३०० फुटांचा कडा नाही हे आम्ही जाणतो. आपण वीस-पंचवीस फुटांवर भागवून घ्यावं. पावसाळ्यात आपल्याकडे जाण्यास बंदीचे आदेश निघतात, तसे इथे निघू नयेत म्हणून पोहता येणार नाही इतकंच पाणी आणावं. आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत.

आपले नम्र,
पेठेतले समस्त दुकानदार
(चहावाला वगळून)

ता. क. : रुजू होण्यासाठी बाजाराचा दिवस सोडून कोणताही वार चालेल. बाजाराच्या दिवशी पेठेत जागा नसते.