कागदवाले आबा

आबांचा आभाळावर भरवसा नाही. बाकी सगळ्या कोडोलीचा आहे. एप्रिल-मे महिन्यात दुपार कलली, पन्हाळ्याच्या अंगाला काळं भरून आलं, की गावाचा चेहरा खुलतो. उसाचं एक पाणी वाचलं, मोटारीचं बिल वाचलं, म्हणून माणसं कट्ट्यावर बसून वळवाची वाट बघतात. त्याच वेळी टोपी खिशात कोंबून एक गृहस्थ मोटारसायकलला किका मारत असतात. ते आबा. पावसाशी त्यांचं भांडण नाही. पावसाच्या आधी जे वारं सुटतं, त्याच्याशी आहे.

हा माणूस तुमच्याही गावात असणार. चारी बाजूंनी ऊस आणि मध्येच लोखंडी पाइपांचं, पांढुरक्या छताचं त्याचं पॉलिहाऊस. ऊसवाल्याचं बरं असतं. लागण झाली, भरणी झाली, की तोड येईपर्यंत तो एफआरपीवर आणि सोसायटीच्या निवडणुकीवर बोलायला मोकळा. पॉलिहाऊसवाल्याला ही चैन नाही. आबांच्या मुलाने अनुदान मिळतंय म्हणून प्रकरण केलं, उरलेल्या पैशांचं कर्ज काढलं, दहा गुंठ्यांवर सांगाडा उभा केला आणि पुण्याला नोकरी लागल्यावर निघून गेला. सांगाडा आणि हप्ते आबांकडे राहिले. आधी जरबेरा झाला, मग रंगीत ढोबळी झाली, आता वांगी-मिरचीची रोपं चालतात. आतलं पीक बदलत गेलं. वरचा कागद तेवढा तोच.

कागद म्हणजे दोनशे मायक्रॉनचं प्लॅस्टिक. कंपनी त्याला साधारण तीन वर्षांची हमी देते. आबांनी ती परस्पर पाच वर्षांची केली. ऊन त्याला वरून खातं. तापलेल्या पाइपाला जिथे टेकतो तिथे तो आधी कुजतो, म्हणून शहाणी माणसं पाइपाला वरून पांढरा रंग देतात. भुरीसाठी गंधक फवारलं की त्याचं आयुष्य आणखी घटतं. हे सगळं आबांना तोंडपाठ आहे. रंग द्यायचा तेवढा राहिला होता. फाटलं तिथे चिकटपट्टी लावायची हा त्यांचा उपाय, आणि शेवटी शेवटी छतात कागद किती आणि पट्टी किती, हे सांगणं अवघड झालं होतं.

मग एका वळवात मधला गाळा उडाला. खोबणीतली स्प्रिंग एका टोकाला सुटली, वारं आत शिरलं आणि कागद या कडेपासून त्या कडेपर्यंत टरटरत गेला. खाली मिरचीचे ट्रे उघडे.

दुसऱ्या कुणी कोल्हापूर गाठून नवा रोल आणला असता. आबांनी हिशोब मांडला. कागद विकतात किलोवर. दोनशे मायक्रॉनचा एक किलो म्हणजे साधारण साडेपाच चौरस मीटर. आपला गाळा एक, रोल अख्खा, आणि दुकानदार रोल कापून देत नाही. आयुष्यभर ऊस आणि गूळ काट्यावर घालणाऱ्या माणसाला हा अन्यायच वाटला. उरलेल्याचं करायचं काय? त्यापेक्षा कुणाचा तरी उरलेला तुकडा आपल्याला मिळाला तर?

त्या दिवसापासून आबा समाजात वावरायचे बंद झाले आणि तपासणीवर फिरू लागले. लग्नात अक्षता पडायच्या आत मांडवाचं प्लॅस्टिक दोन बोटांत चुरगाळून 'साठचंच हाय' असा शेरा मारायचे. एका बाराव्याला घरच्यांच्या शेजारी बसून, योग्य तेवढा वेळ गप्प राहून, त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "दादांचा कागद कुठल्या सालचा?" शिरोळ तालुक्यात कोंडिग्र्याकडे एकरांनी पॉलिहाऊसं आहेत, तिथेही मला मागे बसवून घेऊन गेले. तिथली छतं ते ज्या डोळ्यांनी न्याहाळत होते, त्या डोळ्यांनी आमच्याकडे लोक दुसऱ्याची म्हैस बघतात.

वाटेत ज्ञान फुकट. रोमच्या टायबेरियस बादशहाला रोज ताटात काकडी लागायची, म्हणून त्याचे माळी थंडीत वाफ्यांवर पारदर्शक दगडाचे पातळ तुकडे झाकायचे, हे मला आबांकडून कळलं. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या एमर्ट नावाच्या प्राध्यापकाने 1948 साली काच परवडेना म्हणून प्लॅस्टिक ताणून पहिलं असलं घर उभं केलं, हेही त्यांनीच सांगितलं. रात्री झोप लागत नाही तेव्हा ते फोनवर वाचतात. "बघ, प्रोफेसरला परवडंना," ते म्हणाले, "मला कुठनं परवडंल?"

आणि कोडोलीच्या वेशीवर येताना त्यांना तो दिसला. एका म्हातारीच्या दारात शेणींचा हुडवा, आणि त्याच्यावर अख्खा, न फाटलेला, पाच थरांचा कागद. आबांनी गाडी अशी थांबवली की मी त्यांच्या पाठीवर आपटलो. खाली बसून त्यांनी कडेवरची छापील अक्षरं वाचली, कागद उजेडात धरला, बोटाने ताणला.

"आक्का, ह्यो कागद कुठनं आला?"

"जावयानं दिलाय. त्येचं फुलांचं घर मोडलं न्हवं का."

"किलोवर घेतो. भाव सांगा."

"आणि पाऊस आला मंजे?"

"ताडपत्री आणून देतो की. नवी."

"ताडपत्री गळती. ह्यातनं दोन पावसाळं थेंब आत गेला न्हाई."

"अवो, ह्यो रोपांचा कागद हाय. शेणींवर घालाय न्हवं!"

म्हातारीने आबांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "माज्या शेणी कोरड्या हाईत," ती म्हणाली. "तुजी रोपं?"

आबा गाडीवर येऊन बसले. वारणानगरच्या फाट्यापर्यंत टायबेरियसही बोलला नाही.

अखेर मुलानेच पुण्याहून फोनवर पैसे भरले आणि रोल आला. तो बसवणं म्हणजे आबांच्या घरचं मोठं कार्य. पहाटेच्या गारव्यात ताणावा तर दुपारी तापून सैल पडतो, सैल पडला की फडफडतो, फडफडला की फाटतो. दुपारी ताणावा तर वारं. म्हणून ऊन कोवळं असतानाचा मुहूर्त. पोरं वर चढली, आबा खाली. थेंब न ठिबकणारी बाजू आत यायला हवी, नाहीतर छताचं पाणी रोपांच्या डोक्यावर. त्यामुळे कागद अर्धा वर गेल्यावर तो उतरवून, अक्षरं वाचून, पुन्हा वर. "कडनं ओढा! मधनं नगं!" खोबणीत नागमोडी स्प्रिंग बोटाने दाबत नेताना टकटक आवाज होत होता आणि प्रत्येक टकेला आबा मान डोलवत होते. पाइपांना या खेपेला पांढरा रंग होता. शेजारी सांगतात की तो रंगही कुणाच्या तरी भिंतीचा उरलेला होता, पण मी खोलात शिरलो नाही.

गाळा झाकून कागद उरला, भरपूर उरला. आबांनी तो गुंडाळून माळ्यावर ठेवला, वर जुनं घोंगडं घातलं. बातमी फुटायची ती फुटलीच. परवा खालच्या आळीचा एक पोरगा आला. त्याच्या रोपवाटिकेचा कोपरा उडाला होता. तुकडा मिळेल का, पैसे देतो, म्हणाला.

आबांनी त्याला बसवलं, चहा सांगितला. मग पाइप किती इंचाचा, त्याला रंग दिलाय का, गंधक फवारतोस का, कागद कितव्या वर्षी फाटला, स्प्रिंग गंजलीय का, अशी चौकशी सुरू झाली. चहा निवला. पोरगं रोमपर्यंत टिकलं. केंटकी लागल्यावर ते उठलं आणि बाजारातून ताडपत्री घेऊन गेलं.

"बघ," आबा मला म्हणाले, "कागदाची कदर न्हाई कुणाला."