गरिबी मोजायला परदेशी जाताना

परदेशी जाऊन गरिबी मोजणे हे शास्त्र आहे, आणि शास्त्र म्हटले की त्याचा अधिकारी कोण हे आधी ठरवावे लागते. मुंबई-पुण्याच्या एखाद्या संस्थेत पीएचडीला नाव घातलेला, अनुदान डॉलरमध्ये मिळालेला, खिसेच खिसे असलेली विजार नुकतीच घेतलेला आणि स्वतःच्या जिल्ह्यातल्या एकाही पाड्यावर कधी मुक्काम न केलेला संशोधक पश्चिम केनियास जाण्यास सर्वार्थाने पात्र समजावा. मेळघाटात जायला दोनदा एसटी बदलावी लागते. नैरोबीला मुंबईहून थेट विमान आहे.

पश्चिम केनियाच का, असे विचारू नये. विकासाच्या अर्थशास्त्राची ती पंढरी आहे. मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी १९९८ पासून बुसिया भागातल्या ७५ प्राथमिक शाळांत मुलांना जंतांच्या गोळ्या देऊन काय होते ते पाहिले. शाळेतली गैरहजेरी सुमारे पाव हिश्श्याने घटली. परीक्षेतले गुण मात्र होते तिथेच राहिले, याचे पालकवर्गाला आश्चर्य वाटू नये. या प्रयोगावरच्या त्यांच्या निबंधावरून अर्थशास्त्रज्ञ पुढे वर्षानुवर्षे भांडले, आणि क्रेमर यांना २०१९ साली अभिजित बॅनर्जी व एस्तेर द्युफ्लो यांच्याबरोबर नोबेल मिळाले. शेजारच्या सियाया भागात सौरी नावाचे गाव आहे. जेफ्री सॅक्स यांच्या ‘मिलेनियम व्हिलेज’ प्रकल्पाचा आरंभ तिथलाच. २००५ साली त्यांच्याबरोबर अँजेलिना जोली तिथे जाऊन आली आणि एमटीव्हीने त्यावर फिल्म दाखवली. थोडक्यात, आपला संशोधक पोचतो तेव्हा रांगेत बराच मागे उभा असतो. हे त्याला कोणी सांगत नाही.

प्रयाणापूर्वी पीतज्वराची लस टोचून घ्यावी. निदान दहा दिवस आधी, कारण दाखला दहा दिवसांनी लागू होतो. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. हे पिवळे कार्ड रेशनचे नव्हे, पण त्याहून जपून ठेवावे. परतताना ते जवळ नसेल तर आपलेच सरकार सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकते, आणि जन्मभर इतरांना प्रश्न विचारणाऱ्याला तिथे प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात आणि परत आल्यावरही सांगितलेले दिवस पुरे करावेत. इथे विनोद नाही. व्हिक्टोरिया सरोवराकाठचा मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरमचा, म्हणजे जिवावर बेतणारा असतो.

सरोवरात डुंबू नये. पाण्यातल्या गोगलगायींमार्फत बिल्हार्झिया होतो.

स्वेटर न्यावा. ‘आफ्रिकेत स्वेटर?’ असे हसणाऱ्या काकांना सांगावे, की नैरोबी महाबळेश्वरापेक्षाही उंचावर आहे आणि जुलैत तिथे हुडहुडी भरते. आईने भाजणी, मेतकूट आणि लसणाची चटणी एकात एक अशा कॅरीबॅगांत गुंडाळून, वर रबरबँड लावून दिलेली असणार. तो सगळा ऐवज डब्यांत काढावा. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि शिक्षेत दंडाबरोबर तुरुंगवासाचीही तरतूद आहे. मेतकुटापायी कोठडीत जाणे कोणत्याही अनुदानाच्या अर्थसंकल्पात बसत नाही.

मग परवाने. ‘नाकोस्टी’ या राष्ट्रीय आयोगाचा संशोधन परवाना हाती आला की नवशिक्याला वाटते, आता गावात शिरायला आपण मोकळे. परवाना म्हणजे फक्त पुढच्या कचेरीत बसायची परवानगी. काउंटी कमिशनर, त्यांचे डेप्युटी, शाळा असतील तर शिक्षणाधिकारी, मग चीफ, मग असिस्टंट चीफ आणि सरतेशेवटी गावातले वडीलधारे गृहस्थ, ज्यांनी मान हलवल्याशिवाय एकही दार उघडत नाही. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार या पायऱ्या चढलेल्या मराठी माणसाला इथे घरच्यासारखे वाटायला हरकत नाही. पण आपला संशोधक नेमका त्या पायऱ्या कधी चढलेला नसतो.

या प्रत्येक कचेरीत टेबलाच्या कोपऱ्यावर अभ्यागतांची वही असते. जाड पुठ्ठ्याची, कडा मऊ पडलेली, दोरीने बांधलेल्या बॉलपेनची. सही करण्याआधी मागची पाने सावकाश चाळावीत, कारण सबंध दौऱ्यात हाती लागणारी सर्वात प्रामाणिक माहिती तीच. तारीख, नाव, कुठून आलात, काम काय, सही. कुणी बोस्टनहून, कुणी लंडनहून, कुणी बर्कलीहून, पुन्हा कुणी बोस्टनहून. ‘काम काय’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: रिसर्च. त्याखाली ‘वरीलप्रमाणे’च्या दोन रेघा ओढण्याचा मोह आवरावा.

घड्याळाबद्दल वेगळा ग्रंथ लिहिता येईल. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात हा पहिला तास, नऊ हा तिसरा. तेव्हा मुलाखत देणारी बाई स्वाहिलीत ‘तीनला या’ म्हणाली, तर सकाळी नऊला जायचे असते. दुपारी तीनला घामाघूम होऊन पोचलेला संशोधक रिकाम्या अंगणात उभा राहतो आणि वहीत टीप लिहितो, की इथे लोकांना वेळेचे महत्त्व नाही. बाई त्याची वाट पाहून, कंटाळून, कधीच शेतावर गेलेली असते.

आता मुख्य प्रकरण: कोणत्या महिन्यात जावे आणि गाडी कुठवर न्यावी. याला रॉबर्ट चेंबर्स यांचा आधार आहे. हे गृहस्थ वसाहतीच्या शेवटच्या काळात केनियातच प्रशासकीय अधिकारी होते. १९८३ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी खेडी पाहायला येणाऱ्या तज्ज्ञांचे सहा दोष सांगितले. डांबरी रस्त्यालगतचीच गावे पाहणे, प्रकल्प चालू असेल तिथेच जाणे, पुढाऱ्यांशी, पुरुषांशी आणि धडधाकट माणसांशीच बोलणे, कोरड्या दिवसांतच हिंडणे, भिडेपोटी अवघड गोष्टींना हात न घालणे आणि आपल्या विषयापलीकडचे न पाहणे. चेंबर्स यांनी हे इशारा म्हणून लिहिले. बहुतेक दौऱ्यांचे वेळापत्रक मात्र ती मार्गदर्शक सूचना समजून आखलेले दिसते.

त्यातला कोरड्या दिवसांचा नियम विशेष निष्ठेने पाळतात. पश्चिम केनियात मोठा पाऊस मार्च ते मे पडतो. मका त्यावर पेरतात. घरातला आधीचा मका साधारण तेव्हाच तळाला लागतो आणि नवा हाती यायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. मधले महिने उधारीचे, अर्धपोटी राहण्याचे आणि तापाचे. नेमक्या त्याच दिवसांत आतल्या मातीच्या रस्त्यांवर गाडी रुतते, आणि नेमके तेव्हाच विद्यापीठाचे सत्र चालू असते. म्हणून संशोधक सुगीनंतर येतो, मक्याची कणसे अंगणात वाळत पडलेली असताना भुकेविषयी विचारतो आणि परिस्थिती वाटली होती तितकी वाईट नाही, असा निष्कर्ष काढतो. मराठवाड्यातल्या वाचकांना इथे महामार्गालगतच्या शेतात उतरलेले केंद्राचे दुष्काळ पाहणी पथक आठवेल. आठवू द्यावे.

शिवारफेरी करावी, पण पायी करावी. पांढऱ्या लँड क्रुझरच्या काचेतून फक्त शिवाराची कड दिसते.

आतिथ्याचे नियम नाजूक आहेत. शाकाहारी माणसाने तसे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे, शेवटच्या दिवशी ताट समोर आल्यावर नव्हे. लुह्या लोकांत पाहुण्याला कोंबडीचे जेवण हा मोठा मान आहे. सकाळी ज्या घरात ‘कोंबड्या: ४’ अशी नोंद केली, त्याच घरात दुपारी जेवायला बसण्याचा प्रसंग येतो. रकान्यात आता ३ लिहावेत की काय, याबद्दल संशोधनपद्धतीची पुस्तके मौन पाळतात. जेवावे आणि पोटभर जेवावे, एवढेच सांगता येते. चहा भरपूर दुधाचा, गोड असतो, त्याबद्दल मराठी माणसाची तक्रार असू नये. रोजचे जेवण म्हणजे मक्याची उगाली आणि सुकुमा विकीची पालेभाजी. चपाती पुष्कळ घरांत नाताळासारख्या सणाला किंवा पाहुण्यांसाठी होते. आमच्याकडे रोज दोन्ही वेळा चपाती असते, असे सहज बोलून गेल्यावर समोरची बाई संशोधकाच्या सांपत्तिक स्थितीचा अंदाज नव्याने बांधते. तिच्या हातात टॅब्लेट नसतो, इतकाच काय तो फरक.

भारतातून आलो म्हटल्यावर कोणी झी वर्ल्डवरच्या मालिकेतल्या सासूचे पुढे काय होते हे विचारील. ‘मी टीव्ही पाहत नाही’ असे अभिमानाने सांगू नये. त्या अंगणातली आपली पत तिथेच संपते.

प्रश्नावलीकडे वळू. टॅब्लेट विचारतो: गेल्या सात दिवसांत घरात मका किती किलो लागला? बाई म्हणते, दोन गोरोगोरो. गोरोगोरो म्हणजे साधारण दोन किलो मका मावणारा पत्र्याचा डबा. बाजारात धान्य त्यानेच मोजून मिळते, आणि तो सपाट भरला की शीग लावून, यावर वजन बदलते. पायली-शेराच्या हिशेबात आयुष्य गेलेल्या आजीला हे एका क्षणात कळले असते. तिच्या नातवाने फॉर्ममध्ये किलोशिवाय दुसरा पर्यायच ठेवलेला नसतो.

मग तो प्रश्न येतो: गेल्या महिन्यात घरात काही नाही म्हणून कोणी उपाशी झोपले का? पुण्यात, पंख्याखाली बसून लिहिताना हा प्रश्न क्रमांक ६१ असतो. अंगणात, पोरे भोवती उभी आणि शेजारीण कुंपणाशी रेंगाळत असताना तो विचारणे अवघड, आणि उत्तर देणे त्याहून अवघड. इथे संशोधकाने गप्प बसून स्थानिक प्रगणक बाईकडे पाहावे. ती टॅब्लेट मांडीवर पालथा ठेवते. मोठ्या पोराला कसल्या तरी निमित्ताने रस्त्याकडे पिटाळते. शेजारणीच्या सुनेची चौकशी करता करता तिला फाटकापर्यंत पोचवून येते. पुन्हा बसते, मक्याच्या भावावर दोन वाक्ये बोलते, आणि मग त्याच आवाजात, घाई न करता विचारते. उत्तर आल्यावर लगेच टॅब्लेट उचलत नाही. हे करायला तिला कोणत्याही विद्यापीठाने शिकवलेले नाही, आणि आपल्या संशोधकाचा अख्खा प्रबंध या दहा मिनिटांवर उभा असतो.

फुकट देण्याबद्दल फार बोलू नये. ‘फुकट मिळालेल्या वस्तूची कदर राहत नाही’ हे वाक्य आपल्याकडे व्यासपीठावर हमखास टाळ्या घेते. जेसिका कोहेन आणि पास्कलिन ड्युपा यांनी केनियातल्या दवाखान्यांत गरोदर बायकांना मच्छरदाण्या कुठे फुकट, कुठे थोडक्या किमतीला देऊन हे वाक्य तपासले. त्यांचा निबंध २०१० साली आला. फुकट मिळालेल्या मच्छरदाण्याही तितक्याच वापरल्या गेल्या. थोडी किंमत लावल्याबरोबर घेणाऱ्याच झपाट्याने कमी झाल्या. संशोधकाने हा निबंध रात्री लॉजवरच्या मच्छरदाणीत पडून वाचावा. तिचे पैसे त्याने भरलेले नसतात.

रारिएडा भागात ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने घरांना मोबाइलवरून सरळ पैसेच पाठवले. निवडीचा निकष छपराचा: गवताचे असेल तर पात्र, पत्र्याचे असेल तर नाही. पैसे आल्यावर कित्येकांनी काय केले? छपरावर पत्रा घातला. अर्थशास्त्रज्ञांना जी गरिबीची खूण वाटत होती, ती त्या घरांनाही तशीच खुपत होती तर. पुढे २०१५ पासून होमा बे काउंटीत मात्र बऱ्याच घरांनी असे पैसे घ्यायलाच नकार दिला. हा सैतानाच्या पंथाचा पैसा आहे, अशी बोलवा उठली होती. हसू नये. अनोळखी माणूस दारात येऊन घरात माणसे किती, गुरे किती हे लिहून घेतो आणि काही काम न सांगता पैसे देऊ करतो. पुण्यातल्या सोसायटीच्या वॉचमनने त्याला फाटकातूनच वाटेला लावले असते.

गावात मयत झाले असेल तर त्या दिवशी सर्वेक्षण बंद. त्यावर चर्चा करू नये आणि ‘नमुना अपुरा पडेल’ असे तर मुळीच म्हणू नये. प्रगणक सांगतील तसे जाऊन बसावे, इतर देतील तितकी वर्गणी द्यावी. कोणत्या घरी कुत्रे सुटे असते, कोणता दादला बायकोला बोलू देत नाही, कोणत्या वाडीत गेल्याच महिन्यात दुसरे पथक येऊन गेले आणि देऊ केलेला साबणही देऊन गेले नाही, हे सगळे त्यांनाच माहीत असते. चिखलात मोटरसायकल ढकलतात तेही तेच. निबंध छापून येतो तेव्हा निधी देणाऱ्या संस्थेचे पूर्ण नाव असते, मार्गदर्शकांचे असते, परिषदांत शेरे मारणाऱ्यांचीही असतात, आणि हे सारे प्रगणक ‘स्थानिक सहकाऱ्यांच्या मदतीने’ या तीन शब्दांत आटोपलेले असतात.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी किंवा तुमच्या घरचे कोणी जाणार असेल तर त्यांना सांगा, की आभारात प्रगणकांची नावे एकेक करून लिहा, त्यांची हरकत नाही ना हे विचारून. आणि त्यांचा भत्ता अनुदानाच्या दुसऱ्या हप्त्यासाठी अडवू नका, आठवड्याच्या आठवड्याला एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून, पाठवा. केनियात ही सोय २००७ पासून आहे, बँक बंद होती हे कारण तिथे चालत नाही.