रॅम हलली असेल

प्रत्येक सोसायटीत एक अण्णा असतात. आमचे बी विंगमध्ये, तळमजल्याला. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यामुळे बंद पडलेल्या यंत्रापुढे घाबरायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलेलंच नाही. डेस्कटॉप सुरू होईना असा निरोप गेला की ते ‘आलोच’ म्हणतात आणि खरंच येतात. हा माणूस पैसे घेऊन काम करणारा नाही, हे एवढ्यावरूनच ओळखावं.

शर्टाच्या खिशात, इतरांचं पेन असतं तिथे, त्यांचा स्क्रू-ड्रायव्हर. हातात बूटपॉलिशची जुनी डबी. तिच्यात स्क्रू, वाकवलेली यू-पिन, मृत कॉम्प्युटरांचे अवयव. दारातच पहिला प्रश्न : “कोणी हात लावला होता?”

“कोणीच नाही हो अण्णा. काल रात्रीपर्यंत चांगला चालू होता.”

“चांगलाच असणार. बंद पडायच्या आधी सगळे चांगलेच असतात.”

मग ते ऐकायला बसतात. कॉम्प्युटर सुरू होताना आधी स्वतःचीच तपासणी करतो. प्रोसेसर, मेमरी, डिस्प्ले सगळे हजर असले तर बऱ्याच जुन्या यंत्रांत एक आखूड बीप होतो आणि गाडी पुढे जाते. कोणी गैरहजर असेल तर पडदा काळा आणि तक्रार बीपमधून. तीही बोर्डागणिक निराळी. अण्णांना यातल्या बऱ्याच तऱ्हा पाठ आहेत. एकदा ते मुलीकडे नाशिकला गेले असताना सी विंगमधल्या काकूंचा फोन आला. “कसंतरीच वाजतंय हो,” काकू म्हणाल्या.

“कसंतरीच म्हणजे? वाजवून दाखवा.”

काकूंनी फोनमध्ये तोंडाने वाजवलं, “टूंऽऽऽ टुं टुं.” मागून त्यांच्या यजमानांनी दुरुस्ती केली, “टुं टुं नाही गं, टूं टूं!” त्यावर नवराबायकोत जुंपली. अण्णांनी दोघांना शांत केलं, दोघांकडून पुन्हा वेगवेगळं वाजवून घेतलं आणि निकाल दिला : “एक लांब, दोन आखूड. डिस्प्ले कार्ड. गणपतीत टेबल सरकवलं होतं का?” सरकवलं होतं. कार्ड काढून नीट दाबून बसवल्यावर पडदा उजळला. तेव्हापासून सी विंगमध्ये अण्णांविरुद्ध ब्र काढायची सोय नाही.

बीपच आला नाही, पंखाही फिरला नाही, तर मात्र अण्णा खुलतात. भिंतीतला प्लग काढायचा, मग कॅबिनेटचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं, ‘उरलीसुरली वीज जाऊ दे’ म्हणून. बाजूचा पत्रा उघडायचा. आत धूळ, झुरळाची अंडी आणि हमखास एखादा गव्हाचा दाणा. तो तिथे कसा गेला याचं उत्तर आजवर एकाही घराला देता आलेलं नाही. वीज पुरवणाऱ्या डब्याची, म्हणजे एसएमपीएसची, जाड वायर बोर्डावरून सोडवून तिच्यातली हिरवी आणि काळी तार यू-पिनने जोडायची, मगच प्लग परत लावायचा. पंखा गरगरला तर वीज येतेय, दोष पुढे. बघे या क्षणी दोन पावलं मागे सरकतात. अण्णांना ते आवडतं. मग बोर्डावरचे कपॅसिटर न्याहाळायचे. २००० नंतरच्या काही वर्षांत निकृष्ट कपॅसिटरांनी जगभर बोर्ड बसवले. त्यांची डोकी फुगतात. “याचं पोट फुगलंय,” असं अण्णा म्हणाले की समजावं, आता सुट्या भागांसाठी तापकीर गल्लीची फेरी.

पण बहुतेक वेळा निदान एकच : “रॅम हलली असेल.” मग मागणी होते खोडरबराची. साधं पांढरं, कंपासपेटीतलं. वासाचं नको. रॅमच्या सोनेरी पट्ट्या त्याने हलकेच घासायच्या, ब्रश फिरवायचा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्यांचा ‘टक’ होईपर्यंत दाबायचं. ‘टक’ आला नाही तर अण्णा पुन्हा काढतात.

या माणसाचा वैतागही येतो. पाच मिनिटांच्या कामाला दोन तास. बोर्डावरचा गोल सेल काढला की व्याख्यान : “सीआर २०३२. वीस म्हणजे व्यास, बत्तीस म्हणजे जाडी तीन पूर्णांक दोन मिलिमीटर. तीन व्होल्टचा. हा संपला म्हणून तुमचा कॉम्प्युटर २००२ सालात गेलाय आणि बँकेची साइट त्याला आत घेत नाही.” तोवर चहा गार. शेवटी दोन स्क्रू उरतातच. ते डबीत जातात. पत्रा लावत नाहीत. “राहू दे, हवा लागते.” त्यांच्या घरचा पत्रा कित्येक वर्षांपूर्वी पलंगाखाली गेला तो गेलाच, असं वहिनी सांगतात, आमचा मिक्सरही तसाच उघडा पडलाय, हेही त्याच दमात. कोणी ‘फॉर्मॅट मारा ना’ म्हटलं तर अण्णांचा चेहरा उतरतो. “फोटो आहेत ना आत?” एवढंच विचारतात.

एकदा मी शेजारी बसून पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा कॉम्प्युटर. नातवाशी अमेरिकेत बोलायची वेळ झालेली, आजोबा कासावीस. अण्णा टेबलाखाली वाकले, एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण बंद होतं हे त्यांनी पाहिलं, आणि काही न बोलता पायाच्या अंगठ्याने ते दाबलं. एवढ्यावर उठता आलं असतं. पण सूनबाई दारात उभ्या होत्या. अण्णांनी पत्रा उघडला, खोडरबर मागवलं, यथासांग घासलं. “रॅम हलली होती. तुमचा काही दोष नाही,” आजोबांना म्हणाले. तेव्हापासून ‘रॅम हलली होती’ ऐकलं की मी आधी टेबलाखाली बघतो.

परवा चौथ्या मजल्यावरच्या पोराचा गेम खेळायचा नवा कॉम्प्युटर अडला. काचेची भिंत, आत रंगीत दिवे. “अण्णा, बोर्डावर डीरॅमचा दिवा लागलाय,” पोरगं म्हणालं. “दिवा दिसतोय मला. पण हा बोलत का नाही?” हल्ली बऱ्याच कॅबिनेटांत स्पीकरच नसतो. अण्णांनी डबीतून बोटाच्या पेराएवढा स्पीकर काढून पिनांवर बसवला आणि लांब लांब बीप ऐकून समाधानाने मान हलवली. पुढचं खोडरबराचं सगळं झालं, एक आखूड बीप आला, पडदा लागला.

स्पीकर काढायचा राहिला. पोरगं आता अण्णांशी बोलत नाही. त्याची आई मात्र त्यांना दर रविवारी पोहे पाठवते : रात्री दोनला बीप वाजला की तिला पलीकडच्या खोलीत ऐकू जातो.