बूस्टराव

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असावा, सप्तशृंगगडाजवळच्या वणीतल्या एखाद्या पॅकिंग हाऊसमध्ये क्रेटांनी लादलेला पट्टा सुरू करायला जावे आणि मोटारीने नुसते गुणगुणत जागच्या जागी ठिय्या द्यावा, की ज्यांच्या नावाचा पुकारा होतो ते गृहस्थ म्हणजे बूस्टराव. प्रत्येक बाजारगावी असे एक तरी बूस्टराव असतातच.

खिशाला टेस्टर, कपाळी कुंकवाचा टिळा आणि मुद्रेवर मामलेदाराचे गांभीर्य अशा थाटात ते अवतीर्ण होतात, खुर्ची व चहा मागवतात आणि तहकीकात आरंभतात. साक्षी सर्वांच्या होतात. मालकाची, वायरमनची, रात्री वीज गेली तेव्हा घोरत पडलेल्या राखणदाराचीसुद्धा. जबानी राहते ती फक्त मोटारीच्या अंगावरच्या पाटीची, जिच्यावर 415 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 1440 फेरे, डेल्टा असा तिचा सारा कुलवृत्तांत ठसवलेला असतो.

"पाटी कसली वाचता भाऊ? आवाजावरून मोटार ओळखतो आपण. बूस्ट वाढवा!"

हा निकाल अगदीच निराधार असतो असे नाही. मोटारीचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह विजेची वारंवारता आणि दाब यांचे प्रमाण राखून तिला चालवतो. 50 हर्ट्झला 415 व्होल्ट, तर 5 हर्ट्झला जेमतेम साडेएक्केचाळीस, आणि एवढ्याशा दाबातला मोठा हिस्सा वेटोळ्यांचा रोधच जकातीसारखा कापून घेत असल्यामुळे चुंबकत्व क्षीण होते व मोटारीला उचल मिळत नाही. ती तूट भरून काढण्यासाठी द्यावयाचा किंचित जादा दाब म्हणजे बूस्ट. थेट लाइनवर सुरुवातीस सहापट करंट ओढणाऱ्या मोटारीला ड्राइव्ह दीडपटीपलीकडे सहसा मंजुरी देत नाही, हेही बूस्टरावांना ठाऊक असते; ठाऊक नसते ते एवढेच, की थांबावे कोठे. दोनाचे चार टक्के होतात, चाराचे आठ, मोटार तापते, पट्टा तसूभर हलत नाही, आणि बूस्टराव गडाकडे हात करून गरजतात, "अहो, 2018 पासून माणसांनी भरलेली ट्रॉली गड चढतेय, आणि तुमच्या मोटारीला चार क्रेट जड झाले?"

अखेर आयटीआयचा कोणी पोरगा, परवानगी न मागता, टर्मिनल बॉक्स उघडतो. रिवाइंडिंगहून परतलेली मोटार डेल्टाऐवजी स्टारमध्ये जोडलेली निघते. म्हणजे प्रत्येक वेटोळ्याला पूर्ण वेगातही 240 व्होल्टच आणि टॉर्क एकतृतीयांश. तो जोडणीच्या पट्ट्या बदलतो, बूस्ट पूर्ववत करतो, पाटीवरचे आकडे ड्राइव्हमध्ये भरून ऑटोट्यूनिंग करतो, आणि भरलेला पट्टा निमूटपणे चालू लागतो.

"मी मघाशी म्हणालोच होतो, जोडणी बघा," असे सर्वांस ऐकवून, आणि आलोच आहोत तर रिकाम्या हाताने कशाला जायचे या सद्हेतूने आपले आठ टक्के गुपचूप पुन्हा घालून, बूस्टराव प्रस्थान ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करताक्षणीच ड्राइव्ह ओव्हरकरंटने ट्रिप होतो, आणि मालक गडबडीने माणूस धाडतात, तो अर्थातच बूस्टरावांकडे.