तंत्रपंडित: लक्षणे, वास्तव्य आणि उपयोग

नागरी महाराष्ट्रातील मध्यमवर्गाचे जे अनेक प्रकार अभ्यासकांच्या नजरेतून सुटले आहेत, त्यांत तंत्रपंडिताचा क्रम फार वर लागेल. संगणक, सॉफ्टवेअर, मोबाइल आणि त्यांच्याविषयीच्या बातम्या यांवर ज्याचे मत सदैव तयार असते, ते मत सहसा कोणी विचारलेले नसते आणि ते चुकल्यास त्याची किंमत ज्याला मोजावी लागत नाही, अशा व्यक्तीस तंत्रपंडित म्हणावे. या व्याख्येतील तिसरे कलम सर्वांत महत्त्वाचे, कारण तंत्रपंडित आणि संगणक अभियंता यांच्यातील सीमारेषा तेथेच आखली जाते. 'हे चालेल का?' असे अभियंत्याला विचारले असता तो 'बघावं लागेल' असे म्हणतो, कारण न चालल्यास रात्री दोन वाजता फोन त्यालाच येणार असतो. तंत्रपंडित 'न चालायला काय झालं?' असे म्हणतो आणि रात्री दोन वाजता गाढ झोपलेला असतो. कित्येक घरांत हे दोन्ही वर्ग एकाच छपराखाली नांदतात: मुलगी हिंजवडीतील एखाद्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते आणि त्या सॉफ्टवेअरचे भवितव्य वडील सकाळच्या दुसऱ्या चहाला ठरवून मोकळे होतात.

हा वर्ग कोथरूड, डोंबिवली, ठाणे, नाशिक या परिसरात विपुल आढळतो आणि न्यू जर्सीत स्थलांतर केल्यानंतरही त्याची लक्षणे बदलत नाहीत. व्यवसायाने तो बँकेत, विमा कंपनीत किंवा महाविद्यालयात असू शकतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, तेव्हाच्या मोडेमचा किरकिरता आवाज आपण ऐकलेला आहे, हे त्याचे स्वातंत्र्यसैनिकत्व होय. त्याच्या घरात एक खण केवळ वायरींसाठी राखलेला असतो, त्यातील निम्म्या वायरी ज्या यंत्रांच्या होत्या ती यंत्रे केव्हाच भंगारात गेलेली असतात, आणि हा खण आवरण्याची सूचना घरातून आली की 'लागतं कधीतरी' या दोन शब्दांत ती निकालात निघते. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर त्याचा एक ठरलेला दुकानदार असतो. या दुकानदाराला तो आपला शिष्य समजतो आणि दुकानदार त्याला वेळखाऊ गिऱ्हाईक समजतो.

या वर्गाच्या ज्ञानपद्धतीचा पाया म्हणजे मोजमापाविषयीची जागरूकता. एक टेराबाइट क्षमतेची डिस्क संगणकाला जोडली की पडद्यावर ९३१ गिगाबाइट दिसतात. याचे कारण असे की डिस्क बनवणारी कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत. त्याचप्रमाणे इंटरनेटची जोडणी शंभर मेगाबिटची असेल, तर सेकंदाला उतरतात ते जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट, कारण आठ बिट मिळून एक बाइट होतो. हे हिशेब संपूर्ण बरोबर आहेत, आणि तंत्रपंडित ते प्रत्येक नव्या श्रोत्याला, प्रसंगी लग्नाच्या पंगतीतही, कागदावर करून दाखवतो. दुधाची पिशवी अर्ध्या लिटरची आहे की एका लिटरची, हे मात्र घरी आल्यावर दुसऱ्या कोणाला पाहावे लागते.

नियमांचे उपयोजन करण्याची त्याची रीतही स्वतंत्र आहे. गॉर्डन मूर याने १९६५ साली असे निरीक्षण मांडले की एका चिपवर बसणाऱ्या ट्रान्झिस्टरांची, म्हणजे विजेचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या सूक्ष्म कळांची, संख्या दर वर्षी दुप्पट होत आहे; १९७५ मध्ये त्याने हा काळ दोन वर्षांवर नेला. या निरीक्षणापासून तंत्रपंडिताने काढलेला उपसिद्धांत असा की कोणतीही वस्तू आज विकत घेऊ नये. 'कोणता फोन घेऊ?' असे विचारणाऱ्या भाचीला तो तीन फोनांची तुलना सांगतो, तिन्हींत एकेक वैगुण्य दाखवतो आणि शेवटी दोन महिन्यांनी येणाऱ्या चौथ्यासाठी थांबायला सांगतो. या सल्ल्याचे पालन करणारी भाची दीर्घकाळ तडा गेलेल्या काचेतून जग पाहते आणि एके दिवशी मामाला न विचारता मैत्रिणीकडे आहे तोच फोन घेऊन येते.

तंत्रपंडिताचे सामाजिक कार्य जवळून पाहायचे असेल, तर नोव्हेंबर महिन्यातील, म्हणजे निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला देण्याच्या दिवसांतील, एखादी दुपार निवडावी. तळमजल्यावरच्या काकू पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि म्हणतात, "अरे, एवढं एकच पान छापून दे, बँक चारला बंद होते." तंत्रपंडित प्रथम पेनड्राइव्ह संशयाने उलटासुलटा पाहतो, मग तो विषाणूंसाठी तपासायला लावतो आणि त्या अवकाशात "काकू, ही फाइल वर्डमध्ये का? पीडीएफ का नाही?" असा प्रश्न करून, पीडीएफ म्हणजे कोणत्याही यंत्रावर पानाची मांडणी जशीच्या तशी ठेवणारा प्रकार, हे समजावून देतो. त्यानंतर प्रिंटरच्या ड्रायव्हरची, म्हणजे संगणकाचा हुकूम प्रिंटरला कळेल अशा भाषेत पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमची, नवी आवृत्ती आली असल्याचे त्याच्या ध्यानात येते. ती बसवली जाते, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला जातो आणि जो प्रिंटर सकाळपर्यंत बरा होता तो आता दिसेनासा होतो. काकूंचा तोवर आत चहा झालेला असतो, सुनेच्या तक्रारीही सांगून झालेल्या असतात. साडेतीन वाजता त्या पेनड्राइव्ह परत मागून घेतात आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातात, जो एका मिनिटात पान हातात ठेवतो. "काकू, तिथे पेनड्राइव्ह लावू नका, व्हायरस येतो!" असे तंत्रपंडित दारातून ओरडून सांगतो. त्या संपूर्ण दुपारी उच्चारलेले हे एकमेव उपयुक्त वाक्य असते, परंतु ते ऐकायला काकू जिन्यात उरलेल्या नसतात.

संप्रदायाच्या दृष्टीने पाहता या वर्गाचे विंडोजवाले, ॲपलवाले आणि लिनक्सवाले असे तीन पंथ आहेत, आणि त्यांतील तिसरा संख्येने लहान व आवाजाने मोठा आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्र आणि ते वापरणारा यांच्यामधला कारभारी प्रोग्रॅम, लिहीत असल्याचे जाहीर केले, तेथून या पंथाचा इतिहास सुरू होतो. लिनक्सचा गाभा एक, पण त्याभोवतीची मांडणी ज्याची त्याने करावयाची असल्यामुळे विठोबा एक आणि दिंड्या अनेक अशी त्याची स्थिती आहे, आणि प्रत्येक दिंडीला दुसरीची टाळांची लय चुकलेली वाटते. या पंथाचे मुख्य भाकीत असे की येत्या वर्षी सर्वसामान्य माणूस घरच्या संगणकावर लिनक्स वापरू लागेल. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची देखभाल थांबवली तेव्हा ते वर्ष आले होते, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची देखभाल थांबली तेव्हा ते पुन्हा आले. यातील खरी गंमत अशी की भाकीत एका अर्थी केव्हाच खरे ठरलेले आहे: अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. तळमजल्यावरच्या काकू ज्या फोनवर नातवाशी बोलतात त्यात लिनक्स आहे, हे त्यांना ठाऊक नसते आणि तंत्रपंडिताला हा विजय मोजावासा वाटत नाही, कारण तो कोणाशीही वाद न घालता मिळालेला आहे.

जगावर तांत्रिक आपत्ती कोसळली की या वर्गाचा सण असतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, म्हणजे आधीच बसवलेल्या प्रोग्रॅममध्ये घातलेल्या नव्या भरीमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तो वार शुक्रवार होता, आणि 'शुक्रवारी कोणी अपडेट सोडतं का?' हे वाक्य तंत्रपंडिताने त्या दिवशी दूधवाल्यापासून सोसायटीच्या सचिवापर्यंत सर्वांना ऐकवले. त्याआधी मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दुसऱ्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले, आणि त्याचा माग काढता काढता एक्सझेड या फाइली आवळून लहान करणाऱ्या, असंख्य लिनक्स यंत्रांत असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी हेतुपुरस्सर ठेवलेले चोरदार उघडकीला आले. अभियंत्यांनी या घटनेपासून घेतलेला धडा असा की ज्यावर जग उभे आहे असे कित्येक प्रोग्रॅम एखाददुसरा थकलेला स्वयंसेवक विनामोबदला सांभाळत असतो. तंत्रपंडिताने घेतलेला धडा असा की सोसायटीची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अर्धा सेकंद अधिक थांबते, यामागे काहीतरी आहे.

त्याच्या मतांचा उगम शोधू गेल्यास तो बहुधा बातमीच्या मथळ्यात सापडतो, कारण मथळा वाचून होताच मत तयार होते आणि मत तयार झाल्यावर बातमी वाचण्याचे प्रयोजन उरत नाही. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांपुढे आल्यापासून या वर्गाची धावपळ फार वाढली आहे, कारण सोमवारी सर्वांच्या नोकऱ्या जाणार असतात, बुधवारी हा सगळा फुगा असतो आणि शनिवारी 'मी पहिल्यापासून सांगत होतो' हे वाक्य दोन्ही बाजूंनी वापरता येते. विदेशी तंत्रज्ञानाची स्तुती निघाली की तो १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने घडवलेल्या परम ८००० या महासंगणकाची आठवण देतो, आणि देशी तंत्रज्ञानाची स्तुती निघाली की आतली चिप कुठली आहे ते विचारतो. दूरदृष्टीत त्याचा हात धरणारा विरळा: संगणकांची एक जुनी पद्धत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते, ही गणती जेथे ३२ बिटांच्या जागेत ठेवली आहे तेथे २,१४,७४,८३,६४७ या आकड्यानंतर ती उलटेल आणि तो क्षण १९ जानेवारी २०३८ रोजी येईल, हे त्याला तोंडपाठ असते. विजेचे बिल भरण्याची शेवटची तारीख काल होऊन गेली, ही माहिती त्याला पत्नीकडून मिळते.

एवढ्यावरून तंत्रपंडित निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल, कारण त्याच्या मतांचा एक भाग असा आहे की जो जवळजवळ नेहमी बरोबर असतो, आणि तो भाग कमालीचा कंटाळवाणा असतो. बॅकअप घ्या, म्हणजे महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती ठेवा, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा आणि त्यांतील एक घराबाहेर असू द्या. फोनवरचे अपडेट 'नंतर' म्हणून ढकलू नका. एकच पासवर्ड बँकेला आणि भिशीच्या ॲपला वापरू नका. ओटीपी कोणालाही सांगू नका. सोसायटीचा अहवाल जुन्या फाँटांत टंकू नका. या शेवटच्या आग्रहामागील कारण मराठी वाचकाने समजून घेण्यासारखे आहे: जुने फाँट रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरीची चित्रे बसवतात, म्हणून तो फाँट नसलेल्या संगणकावर 'वार्षिक सर्वसाधारण सभा' या शब्दांऐवजी निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटते, तर युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक असल्यामुळे तो मजकूर कोठेही वाचता येतो आणि शोधताही येतो. सचिव ही सूचना दर वर्षी इतिवृत्तात नोंदवून घेतात. इतिवृत्त जुन्याच फाँटात असते.

समाजाची खरी चूक येथे आहे. भविष्याविषयीची त्याची मते, ज्यांत तो सर्वांइतकाच अंधारात असतो, लोक कौतुकाने ऐकतात आणि पुढे पाठवतात. रोजच्या सावधगिरीविषयीची मते, ज्यांत त्याचा अभ्यास असतो, ती सुरू झाली की श्रोत्यांना गॅसवर काहीतरी ठेवल्याचे आठवते. तीन डिस्कांवर जतन केलेला स्वतःच्या लग्नाचा अल्बम त्याने कित्येक वर्षांत उघडून पाहिला नसेल, पण ज्या घरचा फोन नाल्यात पडून नातवाच्या बारशाचे सगळे फोटो गेले, ते घर धावत त्याच्याकडेच येते आणि तेव्हा त्यालाही करण्यासारखे काही उरलेले नसते. म्हणून वाचकांना विनंती अशी की आपल्या इमारतीतील तंत्रपंडिताला कृत्रिम बुद्धिमत्तेचे पुढे काय होणार आणि कोणता फोन घ्यावा हे दोन प्रश्न विचारू नयेत. येत्या रविवारी त्याला घरी बोलवावे, चहा द्यावा, फोटोंची दुसरी प्रत काढून घ्यावी आणि काम होताच, नव्या विषयाला तोंड फुटण्यापूर्वी, जिन्यापर्यंत सोडायला जावे.